वाय-फायच्या सिग्नलमधून ‘चल’ शिकवताना : सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बीजगणिताच्या पहिल्याच तासिकेला फळ्यावर क्ष येतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘३क्ष = १२, तर क्ष किती?’ हा प्रश्न येतो. विद्यार्थी ४ असे बरोबर उत्तर देतात आणि त्याच वेळी त्यांचा असा समज पक्का होतो की अक्षर म्हणजे शिक्षकांनी झाकून ठेवलेली एक ठरावीक संख्या. जी राशी एकाच प्रयोगात अनेक किमती घेते आणि जिच्याबरोबर दुसरी एखादी राशी बदलत जाते, अशी राशी म्हणजे चल, हा अर्थ मग आठवीपर्यंत मागे पडतो. दोन मोबाइल फोन आणि शाळेचे मैदान एवढ्या साहित्यावर हा अर्थ विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांतून मिळवून देता येतो.

मात्र या प्रयोगात दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक म्हणजे सूत्र आधी लिहून मैदानावर त्याचा केवळ ‘पडताळा’ घेणे. दुसरी म्हणजे मोजमापाची तयारी न करता विद्यार्थ्यांना मैदानावर नेणे आणि मग विस्कळीत आकड्यांतून काहीच निष्पन्न न होणे. पुढील टप्पे त्याच क्रमाने घ्यावेत. अक्षर सहाव्या टप्प्यावर येते, त्याआधी ते फळ्यावर येऊ देऊ नये. सर्व मिळून साधारण चार तासिका लागतात.

टप्पा १ : आदल्या दिवशीची तयारी

लागणारे साहित्य असे : दोन ॲण्ड्रॉइड फोन, ३० मीटरची टेप, फक्की किंवा खडू, एकाच उंचीची दोन लाकडी किंवा प्लॅस्टिकची स्टुले, नोंदवही आणि आलेख कागद. एक फोन हॉटस्पॉट सुरू करून प्रक्षेपक म्हणून वापरायचा आणि दुसऱ्यावर सिग्नल मोजायचा. इंटरनेट लागत नाही. त्यामुळे जेथे नेटवर्क येत नाही अशा वाडीवरच्या शाळेतही हा प्रयोग होतो.

फोनच्या कोपऱ्यातील दांड्या मोजून काम भागत नाही, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. टक्केवारीचेही तसेच आहे. डीबीएम (dBm) या सिग्नलच्या शक्तीच्या एककात आकडा दाखवणारे, वाय-फायचा सिग्नल मोजणारे एखादे मोफत ॲप वाचनाच्या फोनवर घ्यावे. जवळच्या सिग्नलसाठी ते −४०च्या आसपास आणि क्षीण सिग्नलसाठी −८० किंवा −९० असा आकडा दाखवते. आयफोनवर अशी ॲप फारशी चालत नाहीत, म्हणून वाचनासाठी ॲण्ड्रॉइड फोनच घेतलेला बरा. प्रक्षेपक म्हणून मात्र आयफोन चालतो.

या फोनवर चार गोष्टी आदल्या दिवशीच तपासाव्यात.

१. ‘लोकेशन’ सुरू आहे का? ते बंद असेल, किंवा ॲपला त्याची परवानगी दिलेली नसेल, तर ॲण्ड्रॉइड आसपासच्या वाय-फायची यादीच देत नाही आणि पडदा कोरा राहतो. ‘ॲप चालत नाही’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

२. आकडा खरोखर ताजा होतो का? ॲण्ड्रॉइड ९पासून एखाद्या ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा वाय-फायची नवी चाचपणी करता येते. विद्यार्थी दहा मीटर चालून जातात, आकडा तोच राहतो आणि ‘अंतराचा परिणाम होत नाही’ अशी नोंद वहीत होते. यावर सोपा उपाय म्हणजे वाचनाचा फोन हॉटस्पॉटला जोडून ठेवणे आणि ॲपमध्ये ‘जोडलेल्या नेटवर्कचा सिग्नल’ पाहणे, कारण तो आकडा काही सेकंदांनी आपोआप बदलतो. ॲण्ड्रॉइड १०पासून पुढे डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग’ बंद करण्याचीही सोय आहे.

३. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, म्हणजे लहरींच्या वारंवारतेच्या त्या एकाच गटावर, स्थिर आहे का? काही फोन आपणहून ५ गिगाहर्ट्झ निवडतात. कोणताही एक पट्टा चालतो, परंतु प्रयोग सुरू असताना तो बदलता कामा नये. शाळेतील राउटर वापरणार असाल तर अधिक जपावे लागते, कारण अनेक राउटर एकाच नावाने दोन्ही पट्टे चालवतात आणि फोन नकळत एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो.

४. हॉटस्पॉट मध्येच बंद पडतो का? कोणीही जोडलेले नसेल तर अनेक फोन काही मिनिटांनी तो बंद करतात. वर सांगितल्याप्रमाणे वाचनाचा फोन जोडून ठेवला की हाही प्रश्न सुटतो.

शाळेत मायक्रोबिट (रेडिओ संदेश पाठवू-घेऊ शकणारे, शिकण्यासाठीचे छोटे संगणक-बोर्ड) असतील तर ते या कामाला फोनपेक्षा सोयीचे पडतात. मात्र प्रत्येक गटाला वेगळा रेडिओ ग्रुप क्रमांक द्यावा, अन्यथा एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या पडद्यावर येतो. मायक्रोबिटवरील वाचन −१२८ ते −४२ या मर्यादेतच मिळते. एक मीटरवर वाचन −४२ला येऊन अडकले, तर प्रक्षेपणाची पातळी एक-दोन पायऱ्यांनी खाली आणावी.

इशारा : फोन शिक्षकांचेच असावेत आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यावी. विद्यार्थ्यांना घरून फोन आणायला सांगू नये. शाळेच्या शिस्तीचा प्रश्न आहेच, पण दोन निरनिराळ्या कंपन्यांचे फोन एकाच जागी काही डीबीच्या (डीबी हे सिग्नलमधील फरकाचे एकक) फरकाने वेगळे आकडे दाखवतात आणि मग गटांचे तक्ते जुळत नाहीत. पालकांनी किरणोत्साराबद्दल विचारले, तर येथे रोज घरात वापरात असलेल्या हॉटस्पॉटखेरीज दुसरे काहीही नाही, असे स्पष्ट सांगावे.

टप्पा २ : वर्गात, अक्षराविना

मैदानावर जाण्यापूर्वीची ही तासिका सर्वांत महत्त्वाची असते आणि नेमकी तीच गाळली जाते. प्रश्न एकच विचारावा : ‘फोनवर दिसणारा सिग्नलचा आकडा कशाकशामुळे बदलू शकेल?’ विद्यार्थी जे सांगतील ते सर्व, चूक-बरोबर न ठरवता, फळ्यावर लिहावे. अंतर, भिंत, मध्ये उभी असलेली माणसे, फोन कसा धरला आहे, फोनची उंची, कोणाचा फोन आहे, पाऊस, बॅटरी, दिवसाची वेळ, अशी यादी सहज होते.

त्यानंतर फळ्यावर तीन रकाने करावेत : ‘आपण मुद्दाम बदलणार’, ‘त्यामुळे बदलेल आणि आपण मोजणार’, ‘आपण बदलू देणार नाही’. यादीतील प्रत्येक गोष्ट विद्यार्थ्यांनीच एकेका रकान्यात टाकावी. पहिल्या रकान्यात एकच गोष्ट राहील, यावर शिक्षकांनी ठाम राहावे. ‘अंतरही बदलू आणि भिंतही घेऊ’ असे एखादा गट हमखास म्हणतो. त्या वेळी ‘आकडा कमी झाला तर तो कशामुळे, हे कसे ओळखाल?’ एवढेच विचारावे आणि उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्यावे.

स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि नियंत्रित चल ही नावे आजच सांगण्याची घाई नको. रकाने भरले गेले म्हणजे कल्पना आली, नाव दोन तासिकांनी दिले तरी चालते.

याच तासिकेत ऋण संख्यांची चाचणी घ्यावी. −४५, −७०, −५२, −८८ हे आकडे फळ्यावर लिहून सर्वांत चांगला सिग्नल कोणता, असे विचारावे. अर्धा वर्ग −८८ म्हणत असेल तर पुढे जाऊ नये, संख्यारेषेवर हे चार आकडे मांडून घ्यावेत. सहावीच्या वर्गाला ऋण संख्या अजूनही जड जात असतील तर मूळ आकड्याऐवजी ‘एक मीटरच्या तुलनेत झालेली घट’ मोजायची, असे ठरवावे. घट ही धन संख्या असते आणि पुढील सर्व टप्पे तिच्यावरही तसेच चालतात. फक्त घट लिहिताना एकक डीबी लिहावे, डीबीएम नव्हे. डीबीएम हे एका जागच्या सिग्नलचे माप आहे, तर दोन मापांतील फरक डीबीमध्ये सांगतात.

तपासणी : प्रत्येक गटाने ‘आम्ही ... बदलणार, ... मोजणार, आणि ... तसेच ठेवणार’ हे वाक्य वहीत पूर्ण केले आहे का? नसेल तर मैदानावर नेऊ नये.

टप्पा ३ : मैदानाची आखणी

प्रक्षेपक फोनपासून एका सरळ रेषेत १, २, ४, ८ आणि १६ मीटरवर फक्कीने खुणा कराव्यात. १, २, ३, ४, ५ मीटर अशा समान अंतरांचा मोह टाळावा. त्या आखणीत शेवटच्या तीन खुणांमध्ये सिग्नल इतका थोडा बदलतो की तो मोजमापाच्या चढ-उतारात हरवतो आणि आकृतिबंध दिसतच नाही. दुप्पट-दुप्पट अंतरे का घेतली, हे विद्यार्थ्यांना अजून सांगू नये.

मोकळे मैदान हवे. व्हरांडा सोयीचा वाटतो, पण त्याच्या भिंती लहरींना दोन्ही बाजूंनी परत आत लोटतात आणि सिग्नल अपेक्षेपेक्षा सावकाश घटतो. पत्र्याची शेड, गाड्यांची रांग आणि लोखंडी कुंपण यांपासूनही दूर राहावे.

स्टुलांच्या उंचीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, परंतु तिच्यामुळे अख्खा तक्ता बिघडू शकतो. सिग्नल प्रक्षेपकाकडून थेट येतो, तसाच जमिनीवर आपटूनही येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर असते. दोन्ही फोन नेमके एक मीटर उंचीवर ठेवले, तर १६ मीटरवर या दोन वाटांच्या लांबीतील फरक जवळपास तेवढाच भरतो आणि दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. शेवटची नोंद मग अकारण खाली जाते. त्यामुळे दोन्ही फोन सुमारे ८५ सेंटीमीटर उंचीवर ठेवावेत. स्टूल बुटके असेल तर त्यावर पुस्तकांचा थर द्यावा, पण तो दोन्हीकडे सारखा असावा. हे कारण विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही, मात्र एखाद्या चौकस मुलीने विचारलेच तर टाळूही नये.

इशारा : फोन हातात धरू नये. हाताने आणि अंगाने सिग्नल अडतो, आणि तो प्रत्येकाच्या हातात वेगवेगळा अडतो. फोन स्टुलावर, प्रत्येक खुणेवर त्याच बाजूला तोंड करून ठेवावा. धातूची खुर्ची वापरू नये.

टप्पा ४ : मोजमाप

चौघांच्या गटाला चार कामे द्यावीत. एकाने फोन खुणेवर ठेवावा, दुसऱ्याने आकडा वाचावा, तिसऱ्याने लिहावा आणि चौथ्याने दोन फोनच्या मधली रेषा मोकळी ठेवावी. चौथे काम सर्वांना फुकटचे वाटते, पण तेच सर्वांत कठीण असते, कारण ज्यांची पाळी नाही ती मुले नेमकी त्या रेषेवर येऊन उभी राहतात.

प्रत्येक खुणेवर पुढील क्रम पाळावा :

१. फोन ठेवून सर्वांनी दोन पावले मागे, रेषेच्या बाहेर व्हावे. वाचणाऱ्याने पडदा दिसेल इतकेच बाजूला उभे राहावे.

२. अर्धा मिनिट थांबावे. आधीच्या खुणेवरचा जुना आकडा काही वेळ पडद्यावर टिकून राहतो.

३. पाच वाचने घ्यावीत. दर वाचनापूर्वी फोन चार बोटे पुढे-मागे किंवा बाजूला सरकवावा, म्हणजे एखाद्या जागी योगायोगाने लहरी खोडल्या जात असतील तर त्याचा परिणाम सगळ्या वाचनांवर होणार नाही.

४. पाचही आकडे जसेच्या तसे लिहावेत. ‘हा चुकला असेल’ म्हणून एकही खोडू नये.

५. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा.

सरासरीऐवजी मधला आकडा घेण्याचे कारण असे की रेषेतून कोणी गेले, तर एखादाच आकडा फार दूर जातो आणि सरासरीला ओढून नेतो. समजा −५४, −५३, −५३, −५२, −४८ अशी वाचने आली, तर मधला आकडा −५३ येतो आणि सरासरी −५२. फरक एकाचाच आहे, पण पुढे आपण पाच-सहाच्या फरकांवरच निष्कर्ष काढणार आहोत. ऋण संख्या चढत्या क्रमाने लावण्याचा सरावही यात आपसूक होतो.

तपासणी : शेवटची खूण झाल्यावर पुन्हा एक मीटरवर येऊन एक वाचन घ्यावे. ते पहिल्या नोंदीपासून तीनहून अधिक डीबीने वेगळे असेल, तर मध्यंतरी काहीतरी बदलले आहे. पट्टा, फोनची दिशा किंवा कोणीतरी सरकवलेले स्टूल यांपैकी कारण शोधावे. न सापडल्यास मोजमाप नव्याने करावे.

टप्पा ५ : तक्ता वाचणे

वर्गात परतल्यावर गटांचे तक्ते फळ्यावर घ्यावेत. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, तुमचे याहून वेगळे येतील.

१ मीटर : −४१
२ मीटर : −४६
४ मीटर : −५३
८ मीटर : −५९
१६ मीटर : −६४

आता एक उघड प्रश्न विचारावा : ‘एक मीटर लांब गेल्यावर सिग्नल कितीने घटतो?’ विद्यार्थी १ आणि २ मीटरची नोंद पाहून ५ म्हणतात. मग ८ ते १६ दाखवावे. तेथे आठ मीटर चालूनही घट पाचच आहे. हा गोंधळ आपणहून सोडवू नये, काही मिनिटे तसाच राहू द्यावा. शेजारच्या आकड्यांतील फरक लिहायला सांगितले की ५, ७, ६, ५ अशी ओळ तयार होते. ‘अंतर दुप्पट केले की साधारण सहाने घटते’ हे वाक्य कोणीतरी बोलते. ते त्या विद्यार्थ्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे.

मोकळ्या जागेत हा सहाचा आकडा खरोखरच अपेक्षित असतो. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते आणि डीबीच्या मापात एक चतुर्थांश म्हणजे सुमारे ६ने घट.

इशारा : ‘सिग्नल अंतराच्या व्यस्त प्रमाणात आहे’ असे कोणत्याही परिस्थितीत म्हणू नये. सातवीत समप्रमाण-व्यस्तप्रमाण शिकवलेले असल्याने हे वाक्य जिभेवर सहज येते. परंतु व्यस्त प्रमाणात गुणाकार कायम राहायला हवा, आणि येथे १ × (−४१) = −४१, २ × (−४६) = −९२, ४ × (−५३) = −२१२ असे येते. विद्यार्थ्यांकडूनच हे गुणाकार करून घ्यावेत, म्हणजे ‘एक वाढते, दुसरे कमी होते, म्हणून व्यस्त’ ही अर्धवट व्याख्या तेथेच गळून पडते. मिलिवॉटमध्ये मोजलेली शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे खरे, पण ते आकडे ०.००००८ आणि त्याच्याही खालचे असतात. या वर्गात त्यांचा उपयोग नाही.

यानंतर दोन आलेख काढावेत. पहिल्यात आडव्या अक्षावर मीटरमधील अंतर घ्यावे, म्हणजे सुरुवातीला झपाट्याने उतरणारी आणि पुढे सपाट होत जाणारी वक्र रेषा मिळते. दुसऱ्यात आडव्या अक्षावर ‘किती वेळा दुप्पट केले’ हा आकडा, म्हणजे ०, १, २, ३, ४, घ्यावा. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. तोच तक्ता, तेच मोजमाप, पण चल म्हणून काय निवडले यावर चित्र साधे होते की गुंतागुंतीचे, हे विद्यार्थ्यांना येथे दिसते. सबंध प्रयोगात माझ्या मते याहून मोलाची जागा नाही, म्हणून दुसरा आलेख ‘वेळ उरला तर’ या यादीत ढकलू नये.

टप्पा ६ : आता अक्षर

फळ्यावरील वाक्य टप्प्याटप्प्याने आखडत न्यावे. प्रथम : ‘सिग्नल म्हणजे एक मीटरवरचा सिग्नल वजा, दुपटींच्या संख्येला सहाने गुणून येणारी संख्या.’ मग : सिग्नल = −४१ − ६ × दुपटींची संख्या. आणि सर्वांत शेवटी : य = −४१ − ६क्ष.

अक्षर लिहिण्याआधी त्याची व्याख्या संपूर्ण वाक्यात लिहून घ्यावी. ‘क्ष = एक मीटरपासून सुरुवात करून अंतर किती वेळा दुप्पट केले ती संख्या.’ ‘य = त्या जागी वाचलेल्या सिग्नलचा डीबीएममधील आकडा.’ नुसते ‘क्ष = अंतर’ चालणार नाही, कारण अंतर ही वस्तुस्थिती झाली आणि अक्षराच्या जागी संख्या बसवायची असते. मुद्दाम ‘अं’ किंवा ‘सि’ अशी आद्याक्षरे घेऊ नयेत. त्यांमुळे अक्षर म्हणजे शब्दाचे लघुरूप, असा नवा गैरसमज होतो आणि ‘६अं म्हणजे सहा अंतरे’ असे वाचन सुरू होते.

तपासणीसाठी तीन प्रश्न पुरतात. क्ष = ० म्हणजे आपण मैदानावर कोठे उभे आहोत? (एक मीटरच्या खुणेवर. प्रक्षेपकाजवळ असे उत्तर आले तर व्याख्या पुन्हा वाचून घ्यावी.) क्ष = ३ असताना य किती आणि आपल्या नोंदीत किती? (दोन्हीकडे −५९.) क्ष = १ असताना सूत्र −४७ देते, नोंद −४६ आहे. मग कोण चुकले? या तिसऱ्या प्रश्नावर घाईने निवाडा देऊ नये. कोणीच चुकलेले नाही. सूत्र सर्व नोंदींच्या जवळून जाते आणि नोंदी थोड्या वर-खाली होतात, एवढेच येथे समजायला हवे.

टप्पा ७ : भाकीत आधी, मोजमाप नंतर

सूत्र हाती आल्यावर पुन्हा मैदानावर जावे. ३२ मीटरवर क्ष = ५, म्हणून य = −७१. हे भाकीत प्रत्येकाने वहीत लिहून त्यावर तारीख टाकल्यावरच फोन तेथे न्यावा. मैदान लहान असेल तर पहिल्या दिवशी १६ मीटरचे मोजमाप राखून ठेवावे आणि तेच येथे वापरावे. तीन-चार डीबीचा फरक चालतो. आठ-दहाचा आला तर रेषेत कोणी उभे आहे का, ते आधी पाहावे.

१२ मीटरचे भाकीतही जरूर विचारावे. क्ष येथे ३ आणि ४ यांच्या मध्ये आहे, म्हणून य −५९ आणि −६५ यांच्या मध्ये येईल, इतके उत्तर पुरे. ‘बरोबर साडेतीन’ असे सांगू नये, कारण ते खरे नाही.

त्यानंतर प्रश्न उलटा करावा. शिक्षकांनी एका खुणेवरचा आकडा −५३ एवढाच सांगायचा आणि खूण ओळखायला लावायची. −४१ − ६क्ष = −५३, म्हणून ६क्ष = १२, क्ष = २, म्हणजे चार मीटर. पहिल्या दिवशीचे ‘३क्ष = १२’ या स्वरूपाचे समीकरण येथे आपोआप येते, पण आता त्याचा संदर्भ बदललेला असतो. क्ष अनेक किमती घेऊ शकतो आणि आपण त्यांपैकी य = −५३ देणारी एक शोधत आहोत. चल आणि अज्ञात राशी यांतला हा भेद शब्दांत सांगायचा असेल तर त्यासाठी हीच वेळ योग्य.

टप्पा ८ : दुसरा प्रयोग, नवी व्याख्या

निरनिराळ्या गटांची सूत्रे शेजारी शेजारी लिहावीत. एका गटाचे य = −४१ − ६क्ष, दुसऱ्या फोनवर मोजणाऱ्या गटाचे य = −३६ − ६क्ष, आणि व्हरांड्यात मोजलेले असल्यास कदाचित य = −४० − ५क्ष. काय सारखे आहे आणि काय वेगळे, हे विचारावे. फोन बदलला की स्थिरपद बदलते, जागा बदलली की सहगुणक बदलतो. त्यावरून य = अ − बक्ष हे सर्वसाधारण रूप लिहिता येते. अ आणि ब हीसुद्धा अक्षरेच आहेत, पण एका प्रयोगापुरती ती हलत नाहीत. सहावीच्या वर्गाला हा भाग वगळला तरी चालेल, आठवीला मात्र वगळू नये.

मायक्रोबिट असतील तर अंतर कायम ठेवून प्रक्षेपणाची पातळी बदलावी. १ ते ७ या पातळ्यांत प्रत्येक पायरीला प्रक्षेपणशक्ती ४ डीबीने वाढते, त्यामुळे या वेळी सहगुणक धन येतो. पातळी ० मात्र घेऊ नये, कारण ० ते १ ही पायरी बरीच मोठी आहे आणि रेषा मोडते. येथेही पातळीसाठी क्ष हेच अक्षर वापरावे आणि नवी व्याख्या लिहायला लावावी. जो विद्यार्थी जुन्या व्याख्येवरून पातळीला ‘दुपटींची संख्या’ म्हणतो, त्याच्याबरोबर सहावा टप्पा थोडक्यात पुन्हा करावा लागेल.

अडथळ्यांचा प्रयोग मुलांना फार आवडतो, पण तो शेवटी घ्यावा. कोरड्या वह्यांची चळत मध्ये ठेवली तर सिग्नल फारसा हलत नाही, सहगुणक शून्याजवळ येतो आणि वर्ग निराश होतो. ओल्या टॉवेलच्या घड्या घेतल्या तर पाण्यामुळे घट दिसते. स्टीलचे मोठे ताट ठेवले तर आकडा ते नेमके कोठे ठेवले यावर अवलंबून वाटेल तसा बदलतो. येथे सरळ रेषा मिळेलच असे नाही, आणि न मिळाल्यास ओढूनताणून काढूही नये. ‘या चलासाठी आमचे सूत्र चालत नाही’ ही नोंदही वहीत लिहिण्याजोगी आहे.

आकडे बिघडले तर

सर्व खुणांवर एकच आकडा : वाचन ताजे होत नाही. टप्पा १ मधील दुसरा मुद्दा पाहावा.

एकच बिंदू रेषेपासून दूर : त्या खुणेवर एका फोनची उंची एका वितीने बदलून पुन्हा मोजावे. आकडा सुधारला तर जमिनीवरून येणाऱ्या लहरीचा तो परिणाम होता. नवी उंची वहीत अवश्य लिहावी.

मध्येच दहा-पंधराची उडी : फोनने पट्टा बदलला, किंवा तो शाळेच्या दुसऱ्या वाय-फायला जाऊन जोडला गेला. वाचनाच्या फोनमधील इतर जतन केलेली नेटवर्क तात्पुरती काढून टाकावीत.

सहगुणक ६ऐवजी ४ किंवा ८ : बहुधा चूक नाही. आजूबाजूच्या भिंती, झाडे, उतार यांचे वर्णन लिहून तोच आकडा पुढे वापरावा. विद्यार्थ्यांचा आकडा बाजूला सारून पुस्तकी ६ सूत्रात घुसडू नये.

मूल्यमापन

लेखी परीक्षेत सूत्रात किंमत घालण्याचा प्रश्न एकच असावा. बाकीचे प्रश्न असे असावेत की ज्यांना पाठांतराने उत्तर देता येणार नाही : दिलेल्या अपुऱ्या व्याख्येत काय राहिले आहे ते सांगा, एका गटाने अंतर आणि फोन दोन्ही बदलले तर त्यांच्या तक्त्यातून काय सांगता येणार नाही, य = −३८ − ७क्ष या सूत्रातील ३८ आणि ७ मैदानावरच्या कोणत्या गोष्टी सांगतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘३८ हे स्थिरपद आणि ७ हा सहगुणक’ एवढेच आले तर निम्मे गुण द्यावेत. एक मीटरवरचे वाचन आणि दर दुपटीला होणारी घट, असे लिहिणाऱ्याला पूर्ण द्यावेत.